फेनाकाइट : दोन आकडे जुळले तरच घ्यावा असा खडा

गुजरीत पांढरा खडा मागितला की समोर येतो पांढरा पुष्कराज, टोपाझ, झिरकॉन, नाहीतर सरळ स्फटिक (क्वार्ट्झ). फेनाकाइट हा त्यांच्यासारखाच दिसणारा वेगळा खनिज खडा, तो क्वचितच दिसतो. इथे तपासलेला नग ओव्हल, १.८० कॅरेटचा, आतून स्वच्छ. पैलू नीट पाडलेत, फक्त गर्डल, म्हणजे खड्याची सर्वांत रुंद कड, एका बाजूला पातळ आहे.

दिसायला खडा शांत आहे. अपवर्तनांक (खड्यात प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.६५४ ते १.६७०, म्हणजे स्फटिक आणि टोपाझपेक्षा झळाळी जास्त. पण डिस्पर्शन (प्रकाशाचे रंग फाकण्याचं प्रमाण) फक्त ०.०१५, हिऱ्याचं ०.०४४. रंगीत ठिणग्या उडणारच नाहीत. 'हिऱ्याला पर्याय' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर तिथून उठावं. शुक्रासाठी हवा असेल तरी हा नवरत्नांतला नव्हे.

नावाचा अर्थच ग्रीकमध्ये 'फसवणारा'. रशियातल्या उरलच्या पाचूच्या खाणीतला हा बेरिलियमचा सिलिकेट आधी स्फटिक म्हणूनच खपत होता. खनिजशास्त्रज्ञ नॉर्डेनशॉल्डने १८३३ मध्ये त्याला वेगळं नाव दिलं. डोळ्यांवर भरवसा ठेवू नये तो याच कारणाने.

पहिली चाचणी पाण्यातल्या वजनाची. उकळून गार केलेलं पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, तारेची जाळी पाण्यात बुडवून काटा शून्यावर. हा खडा पाण्यात १.१९ कॅरेट भरला. घट ०.६१. मूळ वजनाला घटीने भागलं की विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत खडा किती जड ते) २.९५. तेवढ्याच वजनाचा स्फटिक १.१२ भरला असता, टोपाझ १.२९. खड्याला बुडबुडा चिकटला की तो खडा वर उचलतो, आकडा कमी येतो आणि अस्सल माल स्फटिक ठरतो. अर्ध्या कॅरेटच्या आतल्या खड्याला ही पद्धत लावूच नये, काट्याच्या शेवटच्या अंकातच सगळा निकाल अडकतो.

एवढ्यावर थांबूनही चालत नाही, कारण डॅनब्युराइट या दुसऱ्या पांढऱ्या खड्याचं गुरुत्व ३.०० आहे. तो दुसऱ्या चाचणीत, अपवर्तनांक मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर पकडला जातो, त्याचे आकडे १.६३० ते १.६३६. उलट युक्लेझ या खड्याचा अपवर्तनांक जवळजवळ हाच, पण गुरुत्व ३.१०. शिवाय खडा फिरवताना फेनाकाइटचा खालचा आकडा १.६५४ वर अढळ राहतो, वरचा तेवढा सरकतो. युक्लेझचे दोन्ही हलतात. दहापट भिंगातून फेनाकाइटच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. एका कोनातून दिसल्या नाहीत तर खडा कलता करून बघा.

कठीणपणा ७.५ ते ८, तेव्हा ओरखड्यांची चिंता नाही. ठिसूळपणाची आहे. रोजच्या अंगठीत नख्यांवर बसवला तर पातळ गर्डलचा टवका उडेल. बंद कोंदण बरं, पदक किंवा कुड्या त्याहून बऱ्या. अंगठीचं माप बदलताना खडा काढल्याशिवाय डाग देऊ देऊ नका. धुवायला कोमट रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अंगावर घालायला काही धोका नाही. पुन्हा पैलू पाडायचे असतील तर मात्र घासकाम ओलंच हवं, बेरिलियमची कोरडी धूळ फुफ्फुसांना घातक असते.

या नगाचे दोन्ही आकडे, विशिष्ट गुरुत्व आणि अपवर्तनांक, जुळले. पदकासाठी खुशाल घ्या, पण पातळ बाजू वर येईल असा बसवून, आणि बिलावर 'पांढरा खडा' न लिहिता 'नैसर्गिक फेनाकाइट, १.८० कॅरेट' असं लिहून घेऊनच.