खोपोली की हैदराबाद? एकदा पाहिलेल्या राइड्सकडे पुन्हा जाताना

सोलापुरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आमच्या घरापुढे दर सुट्टीत एकच प्रश्न उभा करतो. या रस्त्याने पश्चिमेला निघाले की पुणे आणि पुढे द्रुतगती मार्गाने खोपोलीजवळचे इमॅजिका हे मनोरंजन उद्यान गाठता येते. पूर्वेला निघाले की नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करीत हैदराबादच्या बाहेरील वंडरला हे तसेच दुसरे उद्यान लागते. दोन्हीकडचे अंतर तीनशे किलोमीटरच्या थोडे पुढेच भरते, त्यामुळे पेट्रोलचा हिशेब करून निर्णय होत नाही. यंदा माझ्या धाकट्या बहिणीने हाच प्रश्न विचारला, पण तिने त्याला जोडलेली शंका मला अधिक महत्त्वाची वाटली. ती म्हणाली, "ताई, दोन्ही ठिकाणे आपली एकदा पाहून झाली आहेत. आता मुलांना घेऊन परत गेलो, तर आपल्याला आवडलेल्या राइड्स तशाच राहिल्या असतील का?" तिला तोंडी सांगितलेले सगळे मी येथे सविस्तर मांडत आहे, कारण हा पेच आमच्या एकट्याच्या घरातला नाही.

माझे मत आधीच सांगते. राइड कुठल्या उद्यानात आहे यापेक्षा ती कशावर उभी आहे, हे पाहावे. काही राइड्स शरीरावर काम करतात. उंची, वेग, उलटे होणे आणि पोटात पडणारा खड्डा एवढेच त्यांचे भांडवल असते आणि ते शिळे होत नाही. काही राइड्स गोष्टीवर उभ्या असतात. तेथे पडदा, पुतळे, पात्रे आणि संगीत यांचा खेळ असतो, आणि गोष्ट जुनी झाली की राइडलाही वय येते. पहिल्या प्रकारात केलेली सुधारणा बहुधा फायद्याची ठरते; दुसऱ्या प्रकारात मात्र सुधारणा करताना कोणाच्या तरी आठवणीला धक्का लागतोच.

इमॅजिका २०१३ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी तेथील नायट्रो हा रोलर कोस्टरही. स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड मॅबिलार्ड या कंपनीने तो घडवला आहे. उंची सुमारे चाळीस मीटर, वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर, आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो. या आकड्यांपेक्षाही माझ्या मनात घर करून राहिला आहे तो गाडी सुटण्यापूर्वीचा क्षण. खांद्यांवरचा हार्नेस घट्ट बसलेला असतो, चपला काढून ठेवलेल्या असतात, आणि अचानक पायांखालची जमीनच खाली सरकते. ही गाडी बिनफरशीची आहे. सीट अधांतरी राहते, पाय लोंबकळतात आणि अनवाणी तळव्यांना वारा लागतो. मी २०१४ मध्ये भावाबरोबर बसले होते आणि गेल्या वर्षी भाच्याबरोबर बसले. मधल्या काळात उद्यानाची मालकीही बदलली, २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेले; पण तळव्यांना लागलेला तो वारा दोन्ही वेळा अगदी सारखा होता.

वंडरलाचे हैदराबादचे उद्यान २०१६ साली रविर्याल येथे उघडले. तेथील रिकॉइल हा कोस्टर नायट्रोपेक्षा आटोपशीर आहे, पण त्याची करामत निराळी आहे. गाडीला आधी मागच्या बाजूने उंच ओढून नेतात आणि सोडून देतात. ती तीन वेळा उलटी होऊन समोरच्या चढावर पोहोचते आणि तोच सगळा मार्ग पाठमोऱ्या दिशेने परत करते, म्हणजे एकूण सहा वेळा उलटे होणे. पाठमोरे जाताना पुढचे वळण दिसत नसल्यामुळे मानेची तयारी नसते. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि मानेचे दुखणे असलेल्यांनी त्यात बसू नये, असे मी अनुभवाने सांगते. नायट्रोचा प्रवास त्या मानाने बराच गुळगुळीत आहे.

अशा यांत्रिक राइड्सची देखभाल सतत चालू असते, पण ती आपल्याला जाणवत नाही. चाकांवरचे पॉलियुरेथेन या टणक प्लास्टिकचे आवरण झिजते आणि बदलले जाते, रुळांना नवा रंग चढतो, ब्रेक आणि हार्नेस तपासले जातात. सकाळच्या पहिल्या फेरीपेक्षा दुपारी चाके आणि वंगण तापल्यावर गाडी किंचित जास्त वेगाने धावते, एवढाच काय तो फरक जाणकारांच्या लक्षात येतो. अमेरिकेत ऑरलँडो येथे नायट्रोच्याच कंपनीने बनवलेला हल्क हा कोस्टर १९९९ मध्ये सुरू झाला. २०१६ मध्ये त्याचा जवळजवळ संपूर्ण रूळ नव्याने घातला गेला आणि गाड्याही नव्या आल्या, परंतु वळणांचा आकार तोच ठेवला. ओहायोतील सीडर पॉइंटमध्ये १९९१ चा मीन स्ट्रीक हा लाकडी कोस्टर होता आणि त्याच्या धक्क्यांनी अंग ठेचून निघे. त्याचा लाकडी सांगाडा बराचसा वापरून वर पोलादी रूळ घातला आणि २०१८ मध्ये तो स्टील व्हेंजन्स या नावाने उघडला. आज जगातील उत्तम कोस्टरांमध्ये त्याची गणना होते. मात्र यंत्रातली प्रत्येक सुधारणा साधतेच असे नाही. त्याच उद्यानातील टॉप थ्रिल ड्रॅगस्टर नव्या रूपात मे २०२४ मध्ये सुरू झाला आणि काही दिवसांतच बंद करावा लागला. पुढच्या वर्षापर्यंत त्याच्या चाहत्यांना थांबावे लागले. म्हणून नव्याने सुरू झालेल्या यांत्रिक राइडसाठी पहिल्याच महिन्यात दूरचा प्रवास करू नये, असा माझा सल्ला आहे.

गोष्टीवर उभ्या असलेल्या राइड्सचे दुखणे वेगळे आहे. इमॅजिकातील मिस्टर इंडिया ही त्याच नावाच्या जुन्या हिंदी चित्रपटावरची राइड घ्या. हलणाऱ्या आसनांवर बसून भव्य पडद्यावरचा थरार अनुभवायचा, अशी तिची रचना आहे. २०१४ मध्ये आमच्या अख्ख्या रांगेने त्यातला खलनायक मोगॅम्बो दिसताच टाळ्या वाजवल्या होत्या, कारण आम्ही सगळे त्याच्या नावाने दरडावले गेलेल्या पिढीतले होतो. गेल्या वर्षी नऊ वर्षांच्या भाच्याने बाहेर पडताना मला विचारले, "मावशी, तो सोनेरी कपड्यांतला माणूस कोण होता?" आसन पूर्वीसारखेच हलत होते, पण त्याच्यापुरती ती राइड अर्धीच झाली होती. उद्यानाने उद्या तेथे आजच्या मुलांच्या ओळखीचे पात्र आणले तर भाचा खूष होईल आणि मी हळहळेन. यात कोणाचीच चूक नाही, पण जाण्यापूर्वी हे मनाशी स्पष्ट असलेले बरे.

डिस्नेच्या उद्यानांनी हा पेच अनेक परींनी सोडवून पाहिला आहे आणि त्यांचे अनुभव आपल्या निर्णयालाही उपयोगी पडतात. कॅलिफोर्नियातील पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही समुद्री चाच्यांच्या दुनियेतून नावेने फिरवणारी राइड १९६७ ची. तिच्यावरून चित्रपट निघाले आणि २००६ मध्ये त्या चित्रपटांतील जॅक स्पॅरो राइडमध्येच आणून बसवला. २०१८ मध्ये स्त्रियांच्या लिलावाचा प्रसंग बदलला आणि तेथे विकली जाणारी लाल केसांची स्त्री स्वतःच चाचेगिरी करू लागली. हा बदल मला मनापासून पटतो, कारण लहान मुलांना नावेत बसवून तो लिलाव दाखवणे योग्य नव्हते. स्प्लॅश माउंटन ही पाण्याच्या उताराची राइड १९४६ च्या एका चित्रपटावर बेतलेली होती आणि कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे त्या चित्रपटावर दीर्घकाळ आक्षेप होते. अमेरिकेतील दोन्ही ठिकाणी २०२३ मध्ये ती बंद झाली आणि २०२४ मध्ये टियानाज बायू ॲडव्हेंचर म्हणून उघडली. उतार तोच, ओंडक्याची होडी तीच, भिजणेही तेच. गोष्ट आणि गाणी मात्र नवी. टोकियोत अजून जुनीच राइड चालू आहे. मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती स्टार टूर्स या हलत्या आसनांवरच्या अंतराळप्रवासाच्या राइडची वाट. १९८७ च्या त्या राइडमध्ये एकच प्रवास होता. २०११ पासून प्रसंगांचे तुकडे निरनिराळ्या क्रमाने जोडले जातात आणि पन्नासहून अधिक प्रकारचे प्रवास घडू शकतात. दुसऱ्यांदा येणाऱ्यालाही नवे काही मिळते आणि आसनांचा जुना हिसका कायम राहतो.

या कसोटीवर आपली दोन उद्याने शेजारी ठेवली तर फरक ठळक दिसतो. इमॅजिकाचा भर गोष्टींवर आहे. अलीबाबाची गुहा, सलीमगडचे भय, अंधारात सुसाट सोडला जाणारा डीप स्पेस, सगळीकडे सजावट आणि कथानक आहे. प्रथमच जाणाऱ्या मुलांसाठी ही श्रीमंती मोठी आहे, परंतु याच राइड्सना सर्वांत जास्त नूतनीकरण लागते. वंडरला मुख्यतः यंत्रांचे उद्यान आहे. त्यांचा स्वतःचा राइड बनवण्याचा कारखाना आहे आणि सजावटीपेक्षा फिरणे, आपटणे, भिजणे यांवर त्यांचा भर आहे. तेथे आठवणी हरवण्याचा धोका कमी, पण विस्मयही थोडा कमीच. शिवाय वंडरलात पाण्याच्या राइड्स त्याच तिकिटात येतात. इमॅजिकात वॉटर पार्कचे तिकीट वेगळे आहे. दोन मुलांच्या कुटुंबाला हा फरक खिशाला जाणवतो.

ऋतूचाही विचार करावा. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेथील पाऊस आपल्या सोलापूरकरांच्या कल्पनेपलीकडचा असतो. डोंगर हिरवेगार दिसतात, पण जोरदार सर आली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. हैदराबादची हवा आपल्यासारखीच कोरडी आहे. त्यातून ज्यांचे नातलग तिकडे आहेत, आणि सोलापूरच्या पूर्व भागातील कितीतरी विणकर घरांची मुळे तेलंगणातलीच आहेत, त्यांचा मुक्कामाचा खर्चही वाचतो.

आपल्या गड्ड्याचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर दरवर्षी पाळणे येतात, लागतात आणि उतरवले जातात. माझ्या लहानपणी लाकडी पाळण्यावर माणसे चढून पायाने आरे खाली दाबत आणि तो फिरवीत. आता मोटर आहे आणि आकाशपाळण्यावर एलईडीच्या रंगीत लाटा धावतात. तरीही पाळणा वर जाऊन क्षणभर थबकतो तेव्हा खाली सिद्धेश्वराचे तळे आणि भुईकोट किल्ला दिसतो, तो देखावा तीनशे किलोमीटर जाऊन मिळणारा नाही. लहान मुलांना उंची सोसते का, हे जानेवारीत गड्ड्यावरच पाहून घ्यावे आणि मग मोठ्या तिकिटाचा विचार करावा.

नूतनीकरणाच्या बाबतीत एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी. एका दूरच्या उद्यानात आम्ही केवळ एका राइडसाठी गेलो होतो आणि ती दुरुस्तीसाठी बंद असल्याचे तिकीट काढून आत गेल्यावर कळले. भावाची मुलगी त्या पत्र्याच्या कुंपणापाशी बराच वेळ उभी होती, आणि ते मी अजून विसरलेले नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाला फोन करून आपल्या दोन-तीन आवडत्या राइड्सची नावे घेऊन विचारावे. "सगळे चालू आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

बहिणीला मी असे सांगितले: मुलांची ही पहिलीच खेप असती तर हिवाळ्यात इमॅजिका, कारण गोष्टीची नवलाई एकदाच मिळते. तुझी मुले तेथे जाऊन आली आहेत, थोरल्याला आता वेगच हवा आहे आणि धाकटीला पाणी. तेव्हा यंदा हैदराबाद. मिस्टर इंडियाचे काही नवे झाल्याचे कानावर आले की पुन्हा खोपोलीचा विचार करू. तिला ते पटले. कोस्टरसाठी उंचीची अट असते, म्हणून काल संध्याकाळी तिने धाकटीला स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभे केले आणि डोक्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलीने खूण केली. धाकटी टाचा उचलत होती.