एकाच नावाचे ट्रेल शूज (डोंगरवाटांवर पळायचे बूट), व्हर्जन ३ आणि ४: आठ महिन्यांनंतर

व्हर्जन ३ चा जोड मी ७५० किलोमीटर पळवला. व्हर्जन ४ घेऊन आठ महिने झाले, त्यावर ६२० किलोमीटर झालेत. पहिल्या महिन्यात लिहायला बसले असते तर ‘डोळे झाकून नवा घ्या’ असंच लिहिलं असतं. आज तसं लिहिणार नाही.

कागदावर फरक अगदी किरकोळ होता. ड्रॉप, म्हणजे टाच आणि पुढच्या भागाच्या जाडीतला फरक, तोच, ४ मिमी. लग्स, म्हणजे तळाला पकडीसाठी असलेले रबरी उंचवटे, तेच, ५ मिमी. सोल ३ मिमीने जास्त जाड, तरी वजन थोडं कमी. मी याच आकड्यांवर विसंबले. एक तर जाहिरातीतलं वजन एकाच मापाच्या बुटाचं असतं, बहुतेकदा पुरुषांच्या यूएस ९ चं. माझ्या मापाचे दोन्ही बूट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तेव्हा फरक फक्त १४ ग्रॅमचा निघाला. सोलच्या जाडीचंही तसंच. कुणी इनसोल (आतला सुटा तळवा) धरून मोजतं, कुणी सोडून. धावण्याच्या स्पर्धांची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या नियमात टाचेची जाडी बुटाच्या आतल्या लांबीच्या १२ टक्क्यांवर आणि पुढची ७५ टक्क्यांवर मोजतात, पण जाहिरातीतला आकडा तिथलाच असेल असं नाही. मोजायची पद्धत बदलली की बूट न बदलताही आकडा बदलतो.

खरा बदल होता लास्टमध्ये, म्हणजे ज्या साच्यावर बूट बेततात त्यात. त्याबद्दल खोक्यावर एक अक्षर नव्हतं. घरात घालून पाहिला तेव्हा काही जाणवलं नाही. १०-१२ किलोमीटरच्या पळण्यातही नाही. तिसऱ्या महिन्यात एका लांब उतारावर, सलग दीड तास खाली येताना, करंगळी बाहेरून घासायला लागली आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. मला वाटलं, माप अर्धं कमी घेतलं. पण अंगठ्यापुढे बोटभर जागा होती. मग लक्षात आलं की पाऊल मधोमध धरलं जात नाहीये. नव्या व्हर्जनची जीभ पातळ केली आहे, टाचेच्या कडेची गादीही कमी केली आहे, त्यामुळे उतारावर पाऊल पुढे सरकतं आणि नखं आदळतात. सर्वात वरच्या जादा भोकातून लेस ओवून, तिचा फास करून बांधायला लागले, तेव्हा टाच बसली आणि नखांचा त्रास बराच कमी झाला. करंगळीचा मात्र नाही. रुंदी लेसने वाढत नाही.

म्हणून ज्यांच्याकडे जुनं व्हर्जन आहे त्यांनी एक करावं. त्यातलं इनसोल काढून नव्या बुटात घालून बघा. कडा वर वळल्या तर साचा अरुंद झालाय. माझ्या दोन इनसोलमध्ये करंगळीपाशी ४ मिमीचा फरक आहे. ही दोन मिनिटांची तपासणी मी खरेदीआधी केली असती तर हा बूट घेतलाच नसता. जुनं व्हर्जन नसेल तर नव्या बुटाचं इनसोल जमिनीवर ठेवून त्यावर उभ्या राहा, करंगळी कडेबाहेर जाते का ते पाहा. आणि हे संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात.

फोमही बदललाय. जुना साधा ईव्हीए (बुटात नेहमी वापरतात तो फोम), जरा टणक, थंडीत पहाटे पहिले काही किलोमीटर आणखीच कडक लागायचा. नवा मऊ आहे आणि मातीच्या सपाट वाटेवर फार सुखाचा. पण तिरक्या उतारावर, सुट्या दगडांवर, त्याच मऊपणामुळे आणि वाढलेल्या ३ मिमीमुळे पाऊल कलतं. घोटा वळला नाही, पण वळतो की काय या भीतीने मी अशा जागी हळू झाले. ४०० किलोमीटरनंतर टाचेच्या बाहेरच्या बाजूला फोमला सुरकुत्या पडल्या आणि तिथली उसळी गेली. जुन्याची इतक्या अंतरात गेली नव्हती.

पकडीबद्दल तक्रार नाही. दोन्हींना व्हिब्रम कंपनीचं मेगाग्रिप रबर आहे आणि ओल्या खडकावर दोन्ही सारखेच विश्वासाचे वाटले. वजन कुठून कमी झालं ते मात्र खालून पाहिलं की कळतं. लग्सची उंची तीच, पण त्यांच्यामधला रबराचा थर पातळ आहे. डांबरी रस्त्यावरून वाटेपर्यंत पळत जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नव्याची एक गोष्ट मला मनापासून आवडली. ओढा ओलांडला की जुन्या बुटात पाणी किलोमीटरभर पचपच करायचं. नव्याची जाळी पातळ आहे, पाणी लगेच निघून जातं आणि रात्रीत बूट सुकतो. पाण्यातून जाणाऱ्या वाटांवर मी आजही नवाच घालते. (वॉटरप्रूफ पडद्याचा प्रकारही मिळतो. पण घोट्यावरून एकदा पाणी आत गेलं की त्या पडद्यामुळे ते बाहेर पडत नाही.) याच जाळीला ४८० किलोमीटरवर करंगळीपाशी भोक पडलं, मी रबरी गमने ठिगळ लावलं, ते अजून टिकून आहे.

शेवटी मी व्हर्जन ३ चा उरलेला एक जोड शोधून घेतला. जुना माल घेताना जिभेच्या आतल्या पट्टीवर बनवल्याची तारीख असते का ते बघा. न वापरता पडून राहिलेल्या बुटाचा डिंक दमटपणात कमजोर होतो, आणि मिडसोल (सोलमधला फोमचा थर) पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असेल तर तो भुगा होऊन सुटू शकतो. माझा ईव्हीएचा होता, तरी मी पुढचा भाग वाकवून सोलची कड अंगठ्याने ओढून पाहिली, मगच घेतला.

आता लांब उताराच्या दिवशी ३, ओल्या आणि १५ किलोमीटरच्या आतल्या दिवशी ४. अरुंद पावलांच्या माझ्या मैत्रिणीला ४ अगदी चपखल बसतो, ती परत जुन्याकडे जाणार नाही म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. पाचवं व्हर्जन आलं की मी जुनं इनसोल बरोबर घेऊनच दुकानात जाणार आहे.