उन्हाळी भाजी: परसात की गच्चीवर?

गोव्यात मार्चमध्ये भाजी लावायची म्हटली की आधी जागेचं ठरवावं लागतं. घरामागचं परस आणि वरची गच्ची, दोन्ही असतील तर वेल नि भेंडी परसात, पालेभाजी गच्चीवर. एकच निवडायचं असेल, तर मी परस म्हणेन. कारण पाणी.

आपल्या जांभ्याच्या लाल मातीत पाणी ठरत नाही, ही तक्रार खरी आहे. पण तिच्यात भरपूर शेणखत मिसळून वर पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, चार बोटं जाड थर दिला, की मे महिन्यातही सकाळचं पाणी बहुधा दुसऱ्या सकाळपर्यंत पुरतं. पातेरा बाजूला सारून बोट दोन पेरं आत घाला. वर कोरडं ठक्क दिसलं तरी खाली ओल लागते. एखाद्या दिवशी लग्नाकार्याला गेलात तरी भेंडी माना टाकत नाही.

गच्चीवर ही सवलत नाही. खालून स्लॅब तापतो, बाजूंनी ऊन भाजतं, आणि काळी ग्रो बॅग तर त्याहून तापते. दोन वेळा पाणी द्यावंच लागतं, तेही जपून. दुपारनंतर नळी सोडलीत तर तिच्यात साचलेलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, मग मुळांचं काय होत असेल! ते बादलीत काढून ठेवावं, निवलं की वापरावं. वजनाचाही विचार हवा: वीस लिटरची कुंडी ओल्या मातीने भरली की 30 किलोच्या आसपास जाते. निम्मा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातला तर बराच भार उतरतो.

मग गच्ची हवी कशाला? तांबड्या भाजीसाठी, म्हणजे लाल माठासाठी. वीतभर खोलीचा पसरट ट्रे, वर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी, आणि 25 ते 30 दिवसांत जुडी हातात. बी बारीक असतं, मुंग्या पळवतात. राख मिसळून पेरावं. परसात हीच भाजी शेजारच्या कोंबड्या एका सकाळीत उकरून टाकतात. गेटबाहेरच्या गुरांचं तर बोलायलाच नको. माकडांपुढे मात्र दोन्ही जागा सारख्याच.

परसातही जागा पाहून घ्या. माडाच्या अगदी बुंध्याशी वाफा काढलात तर खतपाणी माडच खातो. दुपारी विरळ सावली येईल इतक्या अंतरावर काकडी, दोडका, चवळी छान येतात. किनाऱ्याजवळ राहत असाल तर एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी चाखून बघा. मचूळ लागलं तर पानांच्या कडा करपणार. अशा घरी नळाच्या पाण्यावर गच्चीतले चार ट्रेच बरे.

टोमॅटोचा हट्ट दोन्हीकडे सोडा. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीही पारा 25-26 च्या खाली क्वचितच उतरतो, त्यामुळे फुलं येतात आणि गळून जातात.

भेंडी मार्चच्या मध्याला लावली तर मेच्या सुरुवातीपासून तोडता येते, म्हणजे पावसाआधी महिनाभर मिळते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सरी सुरू होतात, तेव्हा वाफे आधीच उंच केलेले असावेत. सात शिरांच्या भेंडीचं बी मात्र आता पेरू नका. ती पावसाळ्याची, डबा घट्ट लावून ठेवा.