महासाथीतली तरुणांसाठीची स्थानिक हेल्पलाइन: चॅटला पूर्ण गुण, फोनला काठावर पास

मार्च २०२० नंतर शाळा, मैदानं, युवा केंद्रं बंद पडली आणि अनेक स्थानिक प्रशासनांनी तरुणांसाठी सगळ्यात आधी सुरू केली ती फोनवरची समुपदेशन सेवा. उभारायला सोपी, वापरायला अवघड. खोलीत घरचे बसलेले असताना घरातल्याच भांडणाबद्दल बोलायचं कसं? चॅटने ही अडचण बरीच सोडवली: आवाज नाही, आणि संभाषण लगेच पुसता येतं. फोनच असेल तर समुपदेशकाने आधी ‘आत्ता बोलता येतंय का?’ असे हो-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न विचारावेत आणि कॉल तुटला तर पुन्हा कधी करायचा, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावं. अनोळखी नंबर तरुण सहसा उचलत नाहीत, म्हणून आधी एसएमएस हवाच.

कार्यालयीन वेळेत चालणारी सेवा अर्धीच. बेचैनी वाढते रात्री.

टॅबलेट वाटपाचा गाजावाजा फार झाला. पण डेटा रिचार्ज नसेल तर ते नुसतं खोकं. त्यापेक्षा निर्बंध सैल झाल्यावर युवा कार्यकर्त्यांनी उद्यानात अंतर ठेवून घेतलेल्या छोट्या गटांच्या भेटी मोलाच्या. ‘मला मदत हवी’ असं म्हणावं न लागता मदत मिळत होती.

सगळ्यात कच्चा दुवा तरुणाला दुसऱ्या सेवेकडे पुढे पाठवण्याचा. नुसता दुसरा नंबर दिला की तीच कहाणी नव्याने सांगावी लागते आणि बरेच जण तिथेच गळतात. समुपदेशकाने स्वतः, तो तरुण आणि पुढच्या सेवेतली व्यक्ती अशा तिघांचा एकत्र कॉल लावून, ओळख करून देऊन मगच बाजूला व्हावं.