गाडीतला संसार की तालुक्याला खोली? विदर्भापुरता हिशेब

भाडं वाचतं म्हणून कॅरव्हॅनमध्येच कायम राहायचं डोक्यात असेल, तर आधी घसारा मांडा. गाडी आणि आतलं काम मिळून २० लाख धरा. १० वर्षांनी ५ लाखांत विकली, तर महिन्याला साडेबारा हजार नुसतेच झिजले. व्याज, विमा, टायर वेगळे. काटोल, वरुड, आर्वीकडे दोन खोल्यांचं भाडं ५ हजार धरलं, तर शर्यत इथेच संपते. डिझेल तर अजून भरलंच नाही: १० चं ॲव्हरेज, ९० चा दर, तर हजार किलोमीटरला ९ हजार.

तरी पैशापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे मे महिना. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याचं छत संध्याकाळीही हात लावू देत नाही. खोलीत कुलर लावला, टाकी भरली, की नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, निघतो. गाडीत १२ व्होल्टची २०० एएचची बॅटरी म्हणजे जेमतेम २.४ युनिट. एक टनाचा एसी जोरात चालला तर तासाला युनिटभर खातो. रात्री दहाला लावला तर साडेबाराच्या आतच बंद. ४०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देतं, त्यात तापलं की उत्पादन घसरतं. कुलर दीडशे-दोनशे वॅटवर भागतो खरा, पण पाणी सारखं लागतं आणि गाडीची टाकी ती केवढी! शेवटी कुणाच्या तरी मीटरवरून वायर ओढावी लागते. शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर मात्र डोळा ठेवू नका, ती वीज घरगुती वापराला चालत नाही.

पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळ्या मातीत चाक रुतलं, तर ट्रॅक्टरवाल्याचे पैसे आलेच. गॅसचं अडत नाही. ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. संडासची टाकी कुठे रिकामी करायची, हे मात्र रोजचं कोडं. गाडीत केलेला बदल आरटीओकडून मंजूर करून आरसीवर चढवून घ्या, नाहीतर विम्याचा दावा अडकू शकतो.

माझं मत विचाराल तर खोली ठेवा आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत भाड्याची कॅरव्हॅन घेऊन फिरा. भावाच्या वाड्यात उभी करायला सावली, नळ, मीटर मिळत असेल आणि गाडी रोख घेता येत असेल, तरच उलट विचार करा.