चाकावर घडवलेले स्टोनवेअर : पुण्यातील एका स्टुडिओतील फुलदाण्या आणि थाळे

या स्टुडिओतील उंच, अरुंद गळ्याची फुलदाणी उचलली की तिची घडण किती कसलेल्या हाताची आहे हे लगेच कळते. चाकावर माती उंच चढवताना ती स्वतःच्याच भाराने खाली बसू पाहते, म्हणून शिकाऊ हात बुडाशी जास्त माती सोडून देतात आणि भांडे दिसायला डौलदार, पण उचलायला जड होते. येथे मात्र भिंत खांद्यापर्यंत एकसारखी पातळ होत गेली आहे आणि बुडाची जादा माती ट्रिमिंगच्या वेळी नेमकी काढून टाकली आहे. गळ्यातून बोट आत घातले तर बोटांच्या वळ्या लागतात. बाहेरून त्या पुसून पृष्ठभाग गुळगुळीत केला आहे, आणि ते योग्यच आहे, कारण तेथे सगळी नजर ग्लेझवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावर ठरते.

हे ग्लेझ तेनमोकू जातीचे आहे. सोंगकालीन चीनमध्ये विकसित झालेल्या आणि आज जपानी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ग्लेझमध्ये लोहाचे प्रमाण भरपूर असते, त्यामुळे थर जाड असेल तेथे ते गडद काळे दिसते आणि ओठाच्या कडेवर पातळ होताच तांबूस तपकिरी होते. या फुलदाणीच्या खांद्यावर ज्या रेषेत काळा रंग तांब्याकडे झुकतो, ती रेषा आकाराच्या वळणाशी इतकी जुळली आहे की घडण आणि भाजणी यांचा विचार एकत्रच झालेला असावा, याबद्दल मला शंका वाटत नाही.

येथील कलावतीचे शिक्षण पुदुच्चेरीत झाले आहे. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या कुंभारकलावंतांनी १९७१ मध्ये तेथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि भारतातील स्टुडिओ पॉटरीच्या कित्येक नामवंतांची जडणघडण तिच्या आवारात झाली. साधा आकार, नीट कोरलेला पाया आणि मातीचा रंग ग्लेझखालून डोकावू देण्याची सवय हे त्या वळणाचे संस्कार या कामातही दिसतात.

सेलाडॉन या हिरवट ग्लेझचे लहान वाडगेही सुरेख आहेत. भट्टीत प्राणवायू कमी ठेवून भाजल्यामुळे अत्यल्प लोहानेही आलेली त्यांची हिरवट छटा दिवसाच्या उजेडातच पाहावी.

मोठे थाळे मात्र मला पटले नाहीत. त्यांवर कोरलेली पानांची नक्षी बारीक आहे आणि ग्लेझ जाड, त्यामुळे रेषा बुजल्या आहेत. एवढा रुंद थाळा वाकडा न होता भाजून काढण्याचे कौशल्य अशा सजावटीखाली झाकले जाते, हे पाहून वाईट वाटते. शिवाय त्यांच्या बुडाची ग्लेझ नसलेली कड पुरेशी घासलेली नाही. पॉलिश केलेल्या लाकडावर ती ओरखडे उमटवते, म्हणून खाली फेल्टच्या चकत्या लावणे आवश्यक आहे.

किंमत कारखान्यातील फुलदाणीच्या कितीतरी पट आहे, पण उंच फुलदाणीसाठी ती मला रास्त वाटते. स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सियसला भाजले जात असल्याने माती घट्ट जुळून येते. रात्रभर पाणी भरून ठेवूनही फुलदाणीखालचा कागद कोरडा राहिला. हुबेहूब जोडी हवी असलेल्यांनी येथे येऊ नये. एक नग घ्यायचा असेल, तर मांडणीतील सर्व फुलदाण्या उचलून, ओठावरून बोट फिरवून निवडावा. कलावती ते आनंदाने करू देते.