सायप्रसची ‘पलीकडं’वाली एक दिवसाची टूर : जाचं का नाही जाचं? (आपल्याकडून अडीच स्टार)

पहिलेच सांगतो, मी काही फिरस्ता माणूस नाही. वरुड तालुक्यात संत्र्याचे साडेचारशे झाडं आहेत, एप्रिल महिन्यात ओलित सोडून कोणी सायप्रसले जाते का? पण पोरगी अन जावईबापू तिकडं राजधानी निकोसियात, दक्षिणेकडच्या बाजूले, नोकरीवर, तीन वर्षांपासून या या करून राहिले होते, शेवटी बगीचा लहान्या भावाच्या भरवशावर टाकला अन आम्ही दोघं नवराबायको निघालो.

तर हा रिव्ह्यू त्या टूरचा, जे सकाळी व्हॅनमधे घेऊन बेटाच्या उत्तर भागात नेतात, मोर्फू अन किरेनिया हे गावं दाखवतात, संध्याकाळी परत. माणशी 55 युरो. कंपनीचं नाव लिहत नाही, कायले उगाच.

माहीत नसंल तर थोडक्यात. बेट एकच पण 1974 पासून दोन तुकडे. त्या वर्षी 15 जुलैले ग्रीसच्या लष्करशाहीच्या जोरावर राष्ट्राध्यक्ष मकारिओसचं सरकार उलथवलं, पाच दिवसात तुर्कस्ताननं फौज उतरवली, ऑगस्टात ते अजून पुढं सरकले अन बेटाचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग ताब्यात घेऊन बसले ते आजपर्यंत. दीड लाखाच्या वर ग्रीक सायप्रियट (म्हणजे बेटावरचेच, पण ग्रीक बोलणारे) दक्षिणेत पळाले, तुर्की सायप्रियट चाळीस-पन्नास हजार उत्तरेत गेले. मधात 180 किलोमीटरची ग्रीन लाइन, तिथं युनोची फौज. उत्तरेनं 1983 मधे आपला वेगळा देश जाहीर केला, तो तुर्कस्तान सोडून कोणीच मानत नाही. 2003 च्या एप्रिलपर्यंत तर साध्या माणसाले जाणं-येणंच बंद होतं.

आता खरी भानगड. पोरीची घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते, ती मोर्फूची. 1974 मधे चौदा वर्षांची होती, अंगावरच्या कपड्यानिशी निघाले होते म्हणे. आम्ही टूर बुक केली हे कळल्यावर तिनं काही भांडण नाही केलं, पण चेहरा बदलला. पोरीनं विचारलं, तुम्ही कधी गेल्या का? ती म्हणे, ‘‘स्वतःच्या घरी जायले पासपोर्ट दाखवू? मग ते घर माझं कसं राह्यलं?’’ तिच्या पोरीच्या शाळेतल्या जुन्या वह्या तिनं जपून ठेवल्या आहेत, कव्हरवर पलीकडच्या गावाचे फोटो अन वर छापलेलं, ‘मी विसरत नाही’. अन गॅलरीत उभं राह्यलं की समोरच्या डोंगरावर उत्तरवाल्यांचा एवढा मोठा झेंडा काढलेला दिसते, रात्री त्याच्यावर लाइट लागतात. रोज पाहाचं अन रोज जेवाचं.

तिचा सख्खा भाऊ मात्र 2003 मधे नाकं उघडल्याच्या पहिल्याच हप्त्यात गेला. घरात राहणाऱ्यांनी त्याले कॉफी पाजली अन भिंतीवरचा त्याच्या बापाचा फोटो काढून हातात देला, एकोणतीस वर्षं ठेवला होता त्यांनी. भाऊ रडत परत आला तं बहीण दोन वर्षं त्याच्याशी बोलली नाही, तू तिथं नाक्यावरच्या कागदावर सही काहून केली म्हणून.

रात्री मी मंडळीले म्हटलं, कॅन्सल करू का? ती म्हणे, ‘‘तुमची माय आठवते का?’’ आमचं जुनं गाव अप्पर वर्धा धरणात गेलं. माय जिती होती तोवर एकदाही सिंभोऱ्याले धरण पाहायले आली नाही. पावसाळ्यात दारं उघडले की अर्धा जिल्हा तिथं भजे खायले जाते, मी पण जातो. तिनं कधी जाऊ नको म्हटलं नाही. फक्त उन्हाळ्यात पाणी उतरलं की विचारे, ‘‘कळस दिसला काय रे?’’ तेव्हा मी ठरवलं की जाचं, पण डोळे उघडे ठेवून.

सर्व्हिसबद्दल. व्हॅन चांगली, एसी चालू, ड्रायव्हर वेळेवर. आयोस दोमेतिओसच्या नाक्यावरून गाडी पार होते. दक्षिणेत काढलेला गाडीचा इन्शुरन्स तिकडं चालत नाही, तिथंच खिडकीवर वेगळा काढा लागते, त्याच्यात पाऊण तास गेला अन आम्ही उन्हात. अरे बाप्पा, तुमचा रोजचा धंदा आहे, पहिलेच काढून ठेवा ना. मजा म्हणजे दक्षिणेच्या हिशेबानं तुम्ही देशाबाहेर जातच नाही, ते तिकडचा भागही आपलाच मानतात, अन उत्तरवाला मात्र पासपोर्ट असा पाहते जसे आपण अमेरिकेत घुसून राहिलो. मधल्या पट्ट्यात निळ्या टोपीवाले दिसले तं मले आपले जनरल थिमय्या आठवले, युनोच्या ह्याच फौजेचे कमांडर होते अन 1965 च्या डिसेंबरात इथंच वारले. व्हॅनमधल्या कोणालेच हे माहीत नव्हतं, गाइडलेही नाही.

गाइड पलीकडून चढला. तुर्की सायप्रियट पोरगा, चांगला होता, सगळ्यात जास्त स्टार त्याचेच. त्याचा बाप पाफोसकडच्या गावचा, ते गाव आता दक्षिणेत, म्हणजे तोही धरणग्रस्तच म्हणा. मी त्याले सरळ विचारलं, इकडं येऊ नका म्हणतात तुमच्या बेटावरचे बरेच लोक, तुले काय वाटते? तो म्हणे, 2004 मधे बेट एक कराच्या योजनेवर मतदान झालं, आमच्या 65 टक्के लोकांनी हो म्हटलं, तिकडच्या 76 टक्क्यांनी नाही म्हटलं, अन आठ दिवसात ते युरोपियन युनियनमधे गेले अन आम्ही राह्यलो लटकून. आमच्याकडं थेट विमान येत नाही, तुर्कस्तानातून यावं लागते. तुम्ही नाही आले तं कॅसिनो बंद नाही पडत, माझ्या मामाची खानावळ पडते. मले हे पटलं. पटलं म्हणजे घरमालकीण चूक असं नाही, दोन्ही पटलं, हीच तं पंचाईत.

अन मोर्फू! तुर्कीत नाव गुझेलयुर्त. भाऊ, व्हॅनचं दार उघडलं अन वास आला, आपल्याकडं संत्र्याचा अंबिया बहार फुटला की येते तोच. व्हॅलेन्शियाचे झाडं, एकाच फांदीवर मागच्या हंगामाचं फळ अन नवीन फूल. फळ गोड आहे पण साल चिकट, आपल्या संत्र्यासारखं बोटानं सोलत नाही, मोसंबीसारखं चाकूनं कापा लागते. मी वाफे पाहायले उतरलो तं गाइड हासाले लागला. विहिरी बोअर विचारले तं म्हणे उपसा करून करून समुद्राचं पाणी आत शिरलं, खारं झालं, 2015 पासून तुर्कस्तानातून समुद्रातल्या पाइपानं पाणी येते. त्यावरही इथं दोन मतं, पाणी देणाऱ्याच्या हातात नळाची तोटी राहते म्हणून. त्या 2004 च्या योजनेत मोर्फू ग्रीकांना परत जाणार होतं. ज्या जमिनीचं आजउद्या काय होईल माहीत नाही तिथं कोण नवीन कलम लावंल सांगा.

तिथं संत मामासचं चर्च आहे, चित्रात बाबा सिंहावर बसलेले. टॅक्स भरायले नाही म्हटलं, पकडून नेत होते तं सिंहावर बसूनच हजर झाले, साहेबानं टॅक्स माफ केला. आमच्या ग्रामसेवकानं हे ऐकू नये.

किरेनिया ठीक. बंदर, किल्ला, फोटो, झालं.

आता अडीच स्टार काहून कापले ते. परतीच्या वाटेवर ‘चहाले थांबू’ म्हणून एका चकाचक ऑफिसात नेलं, चहा आला अन मागोमाग माहितीपत्रक, समुद्रासमोर बंगला, भाव ब्रिटिश पौंडात. मी त्या सुटाबुटातल्या पोराले विचारलं, जमीन मूळची कोणाची? तो म्हणे टायटल क्लिअर आहे सर. माझ्या डोळ्यासमोर घरमालकीण आली. पोरीनं नंतर सांगतलं, उत्तरेतल्या लापिथोसले एका इंग्रज जोडप्यानं असंच घर बांधलं होतं, मूळ मालक दक्षिणेतल्या कोर्टात गेला अन 2009 मधे युरोपियन युनियनच्या कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल देला, की दक्षिणेतल्या कोर्टाचा हुकूम इंग्लंडमधेही चालंल. 2024 मधे तं असल्या जमिनीवर बांधणाऱ्या एका बिल्डरले दक्षिणेत अटकच झाली. टूरच्या नावाखाली असा धंदा कराचा नाही. बुकिंगच्या कागदावर ह्या थांब्याचा एक शब्द नव्हता, फोन केला तं म्हणे ‘कॉम्प्लिमेंटरी’ आहे.

कोणाले जाचं असंल तं माझं मत असं. जा, पण टूर घेऊ नका. निकोसियातच लेड्रा स्ट्रीटचा नाका आहे, 2008 पासून उघडा, पायी चालत पाच मिनिटात पलीकडं. ब्युयुक हान नावाची जुनी दोन मजली सराई आहे, तिथं चहाकॉफी घ्या, घरगुती खानावळीत जेवा, हॉटेल-कॅसिनोत पैसा टाकू नका अन जमिनीच्या माहितीपत्रकाले तं हातही लावू नका. कॉफीचं एक सांगतो, इकडं तिले ग्रीक कॉफी म्हणा लागते, तिकडं तुर्की, कप तोच, गाळ तोच. आमच्या मंडळीनं इकडं चुकून तुर्की म्हटलं तं वेटर दोन मिनिट बोलला नाही. अन तिथलं कोणी जायले नाही म्हणत असंल तं त्याले समजावू नका, आपल्याले फक्त 55 युरो लागले, त्याचा हिशेब वेगळा आहे.

रात्री घरी आलो तं घरमालकीण पायरीवर बसलेली. मी मान खाली घालून जिना चढत होतो, तिनं पोरीले थांबवून एकच विचारलं, विहिरीचं पाणी कसं आहे तिथं? ह्याचं उत्तर मले येत होतं. मी म्हटलं खारं झालं म्हणते. मले वाटलं आता रडते. ती हासली, म्हणे ते आम्ही होतो तेव्हाच खारं व्हाले लागलं होतं, तुर्कांनी नाही केलं, माझ्या बापानंच तीन बोअर मारले होते. मी म्हटलं बाई, माझे पाच आहेत, अन आमचा तालुका पाणी उपसून उपसून ड्रायझोन.